सूर्य दमलेला नव्हता

सकाळीच दवाखान्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तेजोबाबाच्या ओल्या तळहातावर बल्ब जळत होता. ना वायर, ना बटण!

"छपरांवरच्या या काळ्या सोलर काचांनी सूर्याला पिळून काढलंय," बाबा गरजला. "दमलाय तो! म्हणून तुमचे दिवे मंद झाले. काचा उतरवा, माझ्या तेजोजलात हात बुडवा, घर उजळा!"

शेजारचा पिठाच्या गिरणीवाला पाना घेऊन शिडी चढू लागलाच. माझ्या नातसुनेनं शिडी घट्ट धरली. ती इथलीच नर्स.

"भावजी, खाली या. लसींचा फ्रिज या पॅनेलवर चालतो. उद्या बाळांना काय टोचू, बाबांचं पाणी?"

"वहिनी, फ्रिज तसाही कण्हतोयच की!"

उद्याच्या बाळांत माझी पणती होती. आमच्या गल्लीत पहिल्यांदा वीज आली, तेव्हा 'हा दिवा डोळ्यांतलं तेज खातो' म्हणून आजोबांनी बल्बला फडकं बांधलं होतं. आम्ही बहिणी त्याच अंधुक उजेडात डोळे ताणून वाचायचो. आता पुन्हा तेच?

"बाबा, बल्ब या कोरड्या रुमालावर पेटवा," नातसून म्हणाली.

"रुमालाला श्रद्धा नसते!"

"मग आजींच्या हातावर?" तिनं नळाखाली माझा तळहात भिजवला, बाबाच्या हातातला बल्ब उचलला आणि त्यावर टेकवला. लख्ख पेटला!

"आजी, मंत्र कोणता म्हटलात?" गिरणीवाल्यानं शिडीवरून विचारलं.

"मेल्या, मंत्र कसला! गुडघ्याची गोळी घेतली का, ते आठवत होते."

सगळे हसले. नातसुनेनं बल्ब उलटा करून दाखवला. "याच्या पोटात बॅटरी आहे. वीज गेल्यावर वापरायचा बल्ब, दुकानात मिळतो. ओला हात खालच्या दोन टोकांना जोडतो, की पेटतो."

"मग आमचे दिवे मंद का?" गिरणीवाला अडून बसला.

"काचेवरून बोट फिरवा."

बोट पांढरं झालं. त्याच्याच गिरणीचं पीठ! पाणी टाकलं तर करंट लागेल, या भीतीनं पॅनेल बसवल्यापासून कुणी ती धुतलीच नव्हती.

नातसुनेनं मेन स्विच बंद केला. गिरणीवाल्यानं बादली वर नेली. काचा लखलखल्या, स्विच चालू झाला, फ्रिज घुमू लागला. बाबा केव्हाच पसार झाला होता, बल्ब टाकून.

उद्या जगाचे किती दिवे उन्हावर चालतील, ते बघायला मी नसेन. पणती असेल. तिच्यासाठी एवढंच करा: कुणी चमत्कार दाखवला, तर नमस्कार करण्याआधी त्याला हात पुसायला सांगा.