साखरेखाली दबलेला दांडा

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि मला आता अगदी वैताग आला आहे. तुम्हाला म्हणून सांगते, मोठ्या माणसांशी बोलायची माझी इच्छाच उरलेली नाही.

साध्या गाडीची दोनच चाकं जोर लावतात. माझ्या गिअरशेजारचा आखूड दांडा ओढला की चारही चाकं जोर लावतात. कारखान्यातून निघाले तशी मी धरणाच्या कामावर गेले आणि बारा वर्षं चिखल तुडवला. तिथले साहेब माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणत, "ही आहे म्हणून निभावतंय." काम संपलं आणि मी एका शेडमागे सहा वर्षं पडून राहिले. उंदरांनी माझ्या सीटमध्ये संसार थाटला. कुणी साधी विचारपूस केली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग मला एका सुतारकाकांनी घेतलं. घरात काकू आणि त्यांची आठ वर्षांची छोटी. हॉटेलात राहणं परवडत नाही, तेव्हा गाडीतच सगळं भरून सुट्टीत नदीकाठी मुक्काम करायचा, असा बेत ठरला. काकूंनी मात्र अट घातली. "ही एक सहल धड पार पडली तर गाडी दारात राहील. नाहीतर भंगारवाल्याला मीच फोन करणार." माझ्या इंजिनात धडधडायलाच लागलं.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी काका-काकूंसमोर मला तपासलं आणि बजावलं, "काका, आधी टायर आणि ब्रेक बघू. आणि हा फोर-व्हीलचा दांडा अधूनमधून ओढत जा. बाकीची हौस नंतर."

"हो, हो," म्हणत काकांनी खिशातून मोजायचा टेप काढला.

मित्रांनो, या माणसाला रिकामी जागा बघवत नाही! दुकानात उरलेल्या प्लायचे तुकडे आणून त्यांनी मागे झोपायची फळी केली, फळीखाली भांड्यांचे खण केले, मागच्या दाराला घडीचं टेबल लावलं. जुन्या ताडपत्रीचा मांडव झाला. काम स्वस्त आणि सुबक होतं, ते मी नाकारत नाही. पण शेवटी त्यांची नजर माझ्या दांड्यावर पडली. "हा काय रोज लागतो?" असं म्हणून त्यांनी त्यावर चहा-साखरेचा कप्पा ठोकला. आठ स्क्रू, वर पॉलिश! मला स्वतःहून हॉर्न वाजवता आला असता तर मी सगळी गल्ली गोळा केली असती.

व्हायचं तेच झालं. नदीकाठच्या वाळूत माझी मागची चाकं रुतली. काका ॲक्सिलरेटर दाबत राहिले, मी आणखी खाली जात राहिले. मग गाद्या उतरवल्या, कुकर उतरवला, पाण्याचे कॅन उतरवले. तिघांनी मिळून ढकललं. मी तसूभरही हलले नाही. मला काकूंची अट आठवली आणि भीती वाटली.

"आई, आता हिला विकायची ना?" छोटीने रडवेल्या आवाजात विचारलं.

काकूंनी हातावरची वाळू झटकली. त्या आत येऊन बसल्या आणि इकडेतिकडे शोधू लागल्या. "अहो, मिस्त्री कुठला दांडा म्हणत होते?"

काकांनी मान खाली घातली. मग अगदी हळू म्हणाले, "साखरेखाली आहे."

काकूंनी नुसता हात पुढे केला. काकांनी त्यात स्क्रू ड्रायव्हर ठेवला.

आठही स्क्रू निघाले. दांडा गंजला होता. काकूंनी तो दोनदा ओढला, हलला नाही. माझं मलाच वाटलं, मी विसरले की काय? तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात लावले, आणि खट् झालं! काकांनी ॲक्सिलरेटर दाबला, पुढच्या चाकांनी वाळू पकडली आणि मी गुरगुरत बाहेर आले.

काकूंनी खाली उतरून माझ्या बॉनेटवर थाप मारली. किती वर्षांनी! "गाडी राहील," त्या म्हणाल्या. "कप्पा जाईल."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूला नवं काही जोडण्याआधी तिला मुळात काय येतं ते विचारा, आणि ते तिला अधूनमधून करू द्या. माझं एवढंच मागणं आहे. आणि हो, काल काका माझं बॉनेट उघडून आत टेप लावून मापं घेत होते. कुणीतरी काकूंना सांगा.