शेजारच्या रानातली हाक

माझ्या मुलाचं नाव मिहिर. सांगवीत तेव्हा हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. बारामतीच्या पेठेतही नसेल. पुण्याला कॉलेजात असताना एका बंगाली प्राध्यापकांच्या मुलाला त्या नावानं हाक मारलेली मी ऐकली होती. तेव्हाच ते मनात ठेवून दिलं. पुढं लग्न होऊन उसाच्या रानात आले तरी ते काही विसरले नाही.

सासरी मात्र नाव ठरलेलं होतं. बाळ पोटात असतानाच माझे सासरे वारले. आता मुलगा झाला तर त्याला आजोबांचं नाव, यात कुणाला विचारायचं काय? मामंजींचं नाव सर्जेराव. इथं मी ते लिहिते आहे, लिहायला कुणाची आडकाठी नाही. तोंडानं मात्र घ्यायचं नाही. सुनेनं सासऱ्याचं घ्यायचं नाही, बायकोनं नवऱ्याचं घ्यायचं नाही. गावात दर दोन घरांआड एक सर्जा बैल असेल, पण आमच्या दावणीला त्या नावाचा बैल कधी बांधला गेला नाही.

छत्तीस सालच्या आश्विनात मी इंदापूरला माहेरी बाळंत झाले. बारशाच्या आदल्या दिवशी भिगवणहून नणंद आल्या, कौसल्यावन्सं. कानात नाव सांगायचा मान त्यांचा.

"मी त्याला हाक काय मारू, वन्सं?" मी विचारलं.

"बाळ म्हण. आबा म्हण. समद्या बाया म्हणत्यात, तू काय येगळी हायस?"

"आणि तो कालव्याच्या कडेला गेला, तर मी काय ओरडू? बाळ म्हटलं तर गावातली दहा पोरं मागं बघतील."

वन्सं हसल्या. "पोर अजून दुपट्यात हाय आन् तू त्येला कालव्यात बुडवलास बी."

माझ्या डोळ्यांपुढं मात्र तो कालवा खरंच होता. मी मुळातच भित्री. पोर झोपलं की मी नाकापाशी बोट धरून श्वास बघायची. ज्याला वाचवायला हाक मारता येत नाही असं मूल मला नको होतं. यांना मी आधीच पत्रानं पटवलं होतं. आता वन्संनाही सांगितलं, की नाव मिहिर ठेवायचं. म्हणजे सूर्य.

"मेर?" वन्सं म्हणाल्या. "मेर म्हंजी बांध. कुणाचा बांध कोराय निघाला गं ह्यो?"

बारशासाठी सांगवीहून आलेल्या सासूबाई कोपऱ्यात कुंची शिवत बसल्या होत्या. त्यांचं नाव ठमाबाई; मी त्यांना आत्याबाई म्हणते. विधवा बाईनं पाळण्याजवळ यायचं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी त्या माजघरातच थांबणार होत्या. त्यांनी सुई थांबवली आणि एवढंच विचारलं, "हाक माराय सोपं हाय न्हवं?"

"हो, आत्याबाई."

"मग ठेवा. तिचं लेकरू हाय."

मला वाटलं, जिंकले. बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि मिहिर मिहिरच झाला.

सांगवीला परतल्यावर मी दिवसातून शंभरदा ते नाव घ्यायची. गरज नसतानाही. सासूबाईही घ्यायच्या, अगदी स्वच्छ, एक अक्षर न चुकवता. बायका चेष्टा करत, "ठमाबाय, नातवाचं नाव कुठल्या बाजारातनं आणलं?" तर म्हणायच्या, "म्हाग हाय. तुमाला न्हाय परवडायचं."

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. सासूबाई दुपारी हरभऱ्याची भाजी खुडायला जायच्या आणि फार वेळानं परतायच्या. टोपलीत भाजी मूठभर. मला लोकांकडं निरखून बघायची सवय आहे, तशी ही टोपली माझ्या डोळ्यांत भरली. त्यांना चक्कर तर येत नसेल, या धास्तीनं एक दिवस मिहिरला कडेवर घेऊन मी मागं गेले.

त्या बांधावर उभ्या होत्या. बसलेल्याही नाहीत. पलीकडं शेजारच्या रानात महिपतीच्या विहिरीवर मोट चालू होती. महिपती बैलांना उतारावर हाकत होता, "चल माझ्या सर्जा, चल राजा." दर खेपेला हाक आली की सासूबाईंची मान थोडी कलायची, दारातून कुणी बोलावल्यावर कलते तशी.

मला बघून त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "कान भुकेलं ऱ्हात्यात गं. ते हुते तवर सणासुदीला उखाण्यात तरी नाव यायचं तोंडात. आता रांडमुंडीला कसला उखाणा? त्यास्नी नावानं बोलावणारं भावकीतलं म्हातारंबी गेलं. घरात आता नावानं हाक माराय कोण हाय, आन् ज्याला मारायची त्यो माणूस तरी कुठं हाय?"

"तुम्ही बारशाच्या वेळी बोलला का नाही?"

"मला बोलायचं न्हवतंच. ऐकायचं हुतं. अंगणात पोरं खेळली असती, नाव घेऊन भांडली असती. म्यां आतनं ऐकलं असतं."

मी हाक मारणाराचा विचार केला होता. रात्रंदिवस केला होता. ऐकणाराचा केला नव्हता.

रात्री यांना म्हटलं, आपण घरात पोराला मामंजींच्या नावानं बोलवू या. हे म्हणाले, "बापाचं नाव घेऊन पोराला दटावू? जीभ वळायची न्हाय माझी." तेही खरंच होतं.

दोन दिवसांनी सासूबाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मिहिर पाठमोरा टरफलांशी खेळत होता. मी उंबऱ्यात उभी राहिले, पदर नीट केला आणि मोठ्यानं हाक मारली, "सर्जेराव."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मिहिरनं मान वर केली नाही. मी पुन्हा हाक मारली. तो टरफलं एकात एक बसवत राहिला. त्याच्या लेखी दुसऱ्याच कुणाला तरी बोलावणं आलं होतं.

"सूनबाई," सासूबाई हळू म्हणाल्या, "लेकराला घोटाळ्यात पाडू नगंस. त्याला त्याच्या नावानं बोलीव."

"मिहिर," मी म्हटलं, आणि तो लगेच वळला, हसला, मूठभर टरफलं घेऊन दुडदुडत माझ्याकडं आला.

सासूबाईंनी मांडीवरचा कोंडा झटकला. "भाजी खुडून येते," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या. महिपतीची मोट सुरू झाली होती. टोपली ओसरीवरच राहिली. मी ती द्यायला त्यांच्या मागं गेले नाही.