आक्कासाठी यकृत

उदयसिंहाच्या थोरल्या बहिणीचं, संयोगिताआक्काचं यकृत जुन्या काविळीनं निकामी होत आलं होतं. त्यानं आपल्या यकृताचा तुकडा द्यायचं ठरवलं. मग अंगात ताकद यावी म्हणून उचगावच्या भावकीनं त्याला महिनाभर मटण खाऊ घातलं, वर म्हशीचं धारोष्ण दूध पाजलं.

तपासणीनंतर डॉक्टर म्हणाल्या, "यकृताच्या पेशींत चरबी भरलीय. असं यकृत देता येणार नाही."

उदयसिंह खचला. "आक्का, माझ्यामुळंच झालं की गं!"

आक्का पिवळ्या डोळ्यांनी हसली. "रडतोस काय? तोंड आवर आन् चालायला लाग. मी कुठं जात न्हाय."

तो भाकरी-भाजीवर आला, रोज रंकाळा तलावाला फेऱ्या मारू लागला. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. पेशींनी चरबी काढून टाकली होती, तीही रक्त गाळणं, साखर साठवणं, पित्त बनवणं ही रोजची कामं न थांबवता.

"आन् कापल्यावर?" त्यानं डॉक्टरांना विचारलं.

"उरलेल्या पेशी विभागून यकृत पुन्हा वाढवतील. तुमच्यातही, तुमच्या बहिणीतही."

उदयसिंहानं उजव्या बरगडीखाली हात फिरवला, गुणी बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"मग तारीख द्या की," तो म्हणाला.