येडूचा पहारा

अंबुबाई तिसऱ्यांदा आली, तेव्हा गुरुसिद्धप्पा कीर्तनकार भिंतीला पाठ टेकून नुसते बसले होते. गुडघे धरलेले, आणि गळा असा बसलेला की गेल्या शिवरात्रीपासून त्यांनी गादीवर उभं राहणंच सोडलं होतं. बाईची चाहूल लागली तसे त्यांनी डोळे मिटले. वाटलं, झोपलेत असं समजून जाईल. ती गेली नाही. उंबऱ्याशी टेकली, पदरानं मान पुसली.

"झोपल्याचं सोंग नगा करू, आप्पा. कागद घावला का?"

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्या उन्हाळ्यातला तो कागद. गोळीबार झाला, पोलीस गावातून निघून गेले आणि थोडे दिवस पोरांनीच गाव राखलं. कुणी कुठं पहारा करायचा याच्या चिठ्ठ्या निघत. अंबुबाईचा येडू, धनगराचा पोर, गिरणीतला हमाल. त्याच्या वाट्याला मंगळवार पेठेतलं धान्याचं गोदाम आलं. लष्कर आलं, बाकीचे पांगले, हा दारातच उभा. त्याला लुटारू म्हणून धरला. पहाऱ्याची चिठ्ठी कुठं ठेवलीय ते सांगितलं असतं तर सुटला असता. पण तिच्यावर सह्या करणारे आत गेले असते. येडूनं तोंड उघडलं नाही. तुरुंगात तापानं गेला. मागं आई राहिली, आणि नळावर बायकांनी तिला दिलेलं नाव राहिलं: लुटारूची आई.

पोरांनी राखायला दिलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा गुरुसिद्धप्पांच्या घरी पोथीच्या बासनात बांधलेला होता. शिपाई घर उलटंपालटं करतील, पण पोथीच्या लाल फडक्याला हात लावणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. तो खराही ठरला. आता काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं होतं, सह्या करणाऱ्यांची भीती गेली होती. त्या दिवसांचे कागद जमवायला गावात एक कमिटी बसली होती, आणि ईश्वरप्पा वकील कागद बघून स्वयंसेवकांची नावं चढवत होते. अंबुबाईला पैसे नको होते, फोटो नको होता. त्या नावांत येडूचं नाव हवं होतं.

"अगं, ते लाल बासन काढ बघू," गुरुसिद्धप्पांनी बायकोला हाक मारली.

गिरिजाबाई पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आल्या. "कुठलं? कोनाड्यातलं? ते तर मी गेल्या श्रावणात नदीला सोडलं की."

"सोडलं?"

"तुमी मैंदर्गीला गेलावता न्हवं? वाळवी लागलीवती त्याला. हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि सीनेत सोडून आले."

"आणि आतले कागद?"

"पोथीच्या बासनात होते. म्हणजे देवाचेच की!" मग नवऱ्याचा चेहरा बघून त्या भांबावल्या. "अवो, तुमीच सांगत आलाय न्हवं कीर्तनात? विटकी पोथी घरात कुजवू नका, पाण्याला द्या म्हणून?"

सांगितलं होतं खरं. गळा चांगला असताना, रंगात येऊन, हात उंच करून सांगितलं होतं, आणि बाया-बाप्यांनी माना डोलावल्या होत्या. त्यांतली एक मान घरचीच होती. रागवायचं कुणावर?

"अय्यो शिवने!" गिरिजाबाई मटकन खाली बसल्या.

अंबुबाई पदर खोचून उठली. ओरडली नाही. "तुमी तरी काय करनार, बाई," ती म्हणाली. "पोरगं तुरुंगाच्या मातीत, कागद नदीच्या पान्यात. जाती मी. गिरणीच्या पाळीची येळ झाली."

संध्याकाळी गुडघे दाबत, दोनदा ओट्यावर टेकत गुरुसिद्धप्पा वकिलांकडं गेले. ईश्वरप्पांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला.

"मी सांगतो ना, ईश्वरप्पा. ती चिठ्ठी मी या हातांनी बांधली होती."

"आप्पा, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण तोंडी सांगणारे इतके आलेत की विचारू नका. जे तेव्हा माळ्यावर लपले, ते सगळे आता झेंडा घेऊन पुढं होते म्हणतात. एकाला चढवलं की सगळ्यांना चढवावं लागेल. कागद आणा."

"सह्या करणाऱ्यांपैकी..."

"दोघं वारले. तिसऱ्याला काही आठवत नाही म्हणे."

परत येताना त्यांना वाटेत मठ लागला. आत कुणी टाळांना नव्या दोऱ्या ओवत होतं. ते पायरीवर बसले. उभ्या जन्मात त्यांचा एक नेम होता: गादीवर देवाचं आणि संतांचं नाव घ्यायचं, चालत्या काळातल्या माणसाचं नाही. शेठ-सावकारांनी हार-तुरे पुढं केले, तरी नाही. म्हणूनच लोक म्हणत, आप्पा गादीवरून बोलले म्हणजे तसंच असणार. शेवटी ते उठले. आत जाऊन मठाच्या स्वामींना म्हणाले, "सोमवारी मी उभा राहतो."

"गळा?" स्वामींनी विचारलं.

"जेवढा पुरेल तेवढा."

श्रावणी सोमवार. चार वाजल्यापासून मठ भरला. सकाळच्या पाळीहून सुटलेली अंबुबाई तशीच आली आणि मागच्या खांबाला टेकली. गिरणीच्या पहिल्या भोंग्याला उठलेली बाई. पूर्वरंगात गुरुसिद्धप्पांनी विषय मांडला: राखण करणं हीसुद्धा पूजा. आवाज फाटत होता, मृदंगवाला हलक्या हातानं सावरून घेत होता. उत्तररंगात पुराणातली कथा यायची. त्यांनी भस्माची बोटं कपाळाला लावली.

"आजची कथा मंगळवार पेठेतली," ते म्हणाले.

सभा हलली. त्यांनी सगळं सांगितलं. धान्याचं गोदाम, उपाशी पोर, पाठीमागं पोत्यांची थप्पी आणि त्यातला एक दाणा तोंडात नाही. चिठ्ठी, सह्या, मिटलेलं तोंड. नदीला सोडलेलं बासनही सांगितलं, आणि ते कुणाच्या उपदेशानं सोडलं तेही. शेवटी गळा पार गेला. 'येडू' एवढं नाव नुसत्या ओठांनी घेतलं. टाळकऱ्यांनी ते उचललं आणि मोठ्यानं म्हटलं.

आरती झाली. लोक रिवाजाप्रमाणं कीर्तनकाराच्या पाया पडायला पुढं सरकले. गुरुसिद्धप्पांनी पाय मागं घेतले, गळ्यातला हार काढला आणि खांबाकडं बोट दाखवलं.

अंबुबाई गाढ झोपली होती. तोंड थोडं उघडं, गुडघे पोटाशी घेतलेले.

पहिली वाकली ती तानाबाई. नळावर हंडा आडवा लावून जिनं 'लुटारूची आई' हे नाव पाडलं होतं, तीच. पायाला हात लागला तशी अंबुबाई दचकून उठली. समोर माणसांची रांग.

"आगं बया! माझं पाय कशाला धरताय? आरती झाली का? आप्पा, मला डोळा लागला वो. काय सांगितलं तुमी?"

गुरुसिद्धप्पांनी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. ते नुसते हसले आणि दमून गादीच्या कडेला बसले.

"तू सरक जरा," तानाबाई म्हणाली. तिच्या शेजारी मांडी घालून बसली, डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला लागली.