निर्मळताईंचं लाल पाणी

बायका जिन्यापासूनच रांग लावून बसल्या होत्या. खाली धान्य दळायची चक्की आणि वर हा लांबोडका हॉल. पिठाची धूळ वरपर्यंत यायची, पण आज तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या माना पुढे होत्या. पुढे एका खुर्चीत शिंप्याची बायको बसली होती, तिचे लेप लावलेले पाय पांढऱ्या एनॅमलच्या टबात होते आणि टबातलं पाणी बघता बघता लाल होत होतं.

"बघा," निर्मळताई म्हणाल्या. "कुठे होतं हे विष इतके दिवस? हिच्या अंगात. हिनंच पोसलेलं."

"अगं बाई," कोणीतरी पुटपुटलं. शिंप्याच्या बायकोने स्वतःच्या पायांकडे असं पाहिलं, जणू ते शेजारणीचे होते.

"शरीर म्हणजे घर. घराला मोरी असते ना? मग शरीराला नको? ती मोरी म्हणजे तळपाय. डॉक्टर काय करतात, वरून औषध ओततात. तुंबलेल्या मोरीत वरून ओतलं तर काय होईल, तुम्हीच सांगा."

"तुंबेल," सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

निर्मळताई पूर्वी अशा नव्हत्या. आरसा व्हिनेगर आणि जुन्या वर्तमानपत्राने पुसायचा, नळावरचा पांढरा थर लिंबाच्या सालीने काढायचा, साबणाचे उरलेसुरले तुकडे वितळवून नवी वडी पाडायची, भाताचं पाणी केसांना लावायचं, असं सांगत त्या घरोघर फिरायच्या. खरं सांगायचं तर ते उपाय चांगले होते. आरसे लखलखायचे, नळ चकाकायचे. आणि तिथेच घात झाला. नळाच्या बाबतीत खरं बोलणारी बाई काळजाच्या बाबतीत खोटं कशाला बोलेल, असं बायकांना वाटलं. नळावरून काळजावर त्या कधी आल्या, ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

मागच्या भिंतीला टेकून धाकटी उभी होती. शाळेत ती विज्ञानाची बाई, घरी धाकटी. तिची थोरली बहीण, तिची अक्का, गेल्या वर्षी याच खुर्चीत बसली होती. अक्काला हृदयाचा त्रास होता, पायांवर सूज यायची. "सूज म्हणजे विष खाली उतरतंय, उतरू दे," निर्मळताई म्हणाल्या होत्या. खेपेगणिक पाणी आधी लाल आलं, मग विटकरी, मग पिवळं. पिवळं आलं की माणूस मोकळा, असा इथला नियम. अक्काने टाळ्यांच्या कडकडाटात आपल्या गोळ्या टेबलावरच्या काचेच्या बरणीत टाकल्या. त्यानंतर महिनाही गेला नाही, अक्का गेली.

"उशीर झाला होता हो," निर्मळताई भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या. "आधी आली असती तर."

त्या दिवसापासून धाकटी रोज सकाळी अंघोळ करून देवापुढे दिवा लावायची, हात जोडायची आणि एकच मागायची. बाकीचे लोक सुख मागतात, शांती मागतात. ती म्हणायची, "हिला माझ्या हाती दे." आवाज एवढा मऊ की शेजारच्या खोलीतल्या आईला वाटायचं, पोरगी स्तोत्र म्हणतेय.

पण मागून काय होतं? हाती पुरावा नव्हता. या हॉलमध्ये पाऊल ठेवायचं नाही असं तिने रागाने ठरवलं होतं, त्यामुळे टबात काय होतं ते तिने कधी पाहिलंच नाही. आणि आई मात्र, अक्काच्या जाण्यानंतरही, गुपचूप येत राहिली. आईला रक्तदाबाचा त्रास. गोळ्या तिने अर्ध्यावर आणल्या होत्या, आणि आज, शेवटच्या खेपेला, त्या बरणीत पडणार होत्या.

गेल्या रविवारी धाकटीने आईचा टॉवेल धुवायला घेतला. त्यावर लेपाचे पिवळे डाग. तिने साबण चोळला आणि डाग रक्तासारखा लाल झाला. ती मोरीत बसल्या बसल्या थबकली. हळदीवर साबण पडला की लाल होतो, हे कोणत्या बाईने पाहिलेलं नाही? आणि ती तर दरवर्षी आठवीच्या वर्गात हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवून दाखवायची. मुलं टाळ्या वाजवायची. तिने टॉवेल पिळला, दोरीवर टाकला आणि देव्हाऱ्याकडे न जाता थेट पोलीस चौकीत गेली. तिथल्या जमादाराने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "बाई, त्यांच्याविरुद्ध बोलायला कोणी तयार होत नाही. तुम्ही सगळ्यांसमोर दाखवलंत, तर मी खाली चक्कीपाशी उभा राहतो."

म्हणून ती आज आली होती. आईला तिने स्वतः हाताला धरून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. पहिल्याच रांगेत.

आता आईची पाळी आली. मदतनीस बाईने तिच्या तळपायांना हळदीचा लेप चोळला आणि उजवीकडच्या चळतीतला टब आणला. शिंप्याच्या बायकोचा टब डावीकडच्या चळतीतून आला होता, हे धाकटीने पाहून ठेवलं. निर्मळताई पितळी घागरीतलं पाणी ग्लासात घेऊन घटाघट प्यायल्या, "साधं पिण्याचं, बघा हं," म्हणाल्या, आणि तेच त्यांनी टबात ओतलं. आईने पाय बुडवले. पाणी पिवळं झालं.

टाळ्या वाजल्या. आईचे डोळे भरून आले.

"घे, माउली," निर्मळताईंनी बरणी पुढे केली. "टाक त्या गोळ्या. आता तू मोकळी."

"थांबा," धाकटी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण शाळेतला होता. सगळ्या वळल्या. "आधी माझ्याकडचा एक रोगी बघाल का, ताई?"

निर्मळताईंनी तिला ओळखलं. क्षणभर पापणी लवली नाही, मग चेहऱ्यावर हसू पसरलं. विज्ञानाची बाई शरण आली, याहून मोठी जाहिरात कोणती? "ये ना. तुझंही मन फार जड झालंय गं. दुःखाचंही विष असतं."

"मी नाही. हा." धाकटीने पिशवीतून लाटणं काढलं.

हॉलमध्ये खसखस पिकली. "काय झालंय त्याला?" मागून एक म्हातारी विचारती झाली.

"रोज पोळ्या लाटून लाटून कंबर धरलीय," धाकटी म्हणाली. आता हसू मोकळं झालं. हसण्यात कोणी तिला अडवलं नाही. तिने वाडग्यातला लेप लाटण्याच्या दोन्ही टोकांना फासला, डावीकडच्या चळतीतून एक टब घेतला, उजवीकडचा एक घेतला, आणि घागरीतलं तेच पाणी दोन्हींत ओतलं.

"अगं, असं खेळू नये," निर्मळताई पुढे सरकल्या. "श्रद्धेचं पाणी आहे."

"तुम्हीच प्यालात ना आत्ता? मग माझ्या लाटण्याने काय पाप केलंय?"

तिने लाटण्याचं एक टोक डाव्या टबात बुडवलं. पाणी लाल झालं. दुसरं टोक उजव्या टबात. पिवळं.

 मग मागची म्हातारी म्हणाली, "एकीकडून मरायला टेकलंय आणि एकीकडून ठणठणीत. जावई माझा असाच आहे."

हसण्याचा फवारा उडाला आणि त्या हसण्यात निर्मळताईंचा आवाज बुडाला. त्या म्हणत होत्या की हिच्या मनातलं विष लाकडात उतरलंय.

धाकटीने डावीकडचा एक कोरडा टब उचलला आणि पहिल्या रांगेतल्या शिंप्याच्या बायकोसमोर धरला. "आतून बोट फिरवा, वहिनी."

तिने फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. तिने वास घेतला. "हा तर धुण्याचा सोडा."

"सोडा दाट कालवून टबाला आतून फासायचा आणि वाळू द्यायचा. पांढऱ्यावर पांढरं, दिसतंय कोणाला? वर साधं पाणी ओतलं की तो विरघळतो. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, साबण लागला तरी होते. पहिल्यांदा आलेल्या बाईला भरपूर सोड्याचा टब. पुढच्या खेपेला कमी. शेवटी उजवीकडचा, स्वच्छ धुतलेला. आजार तोच, पाय तेच, टब बदलला." ती निर्मळताईंच्या टेबलावरचं अर्धं लिंबू घेऊन लाल टबात पिळायला लागली. लाल पाणी पुन्हा पिवळं झालं. "आणि हे झालं लाटणं बरं. सांगा, पांढऱ्या साडीवरचा हळदीचा डाग साबणाने लाल होताना तुमच्यापैकी कोणी पाहिला नाही?"

"सगळ्यांनीच पाहिलाय की," शिंप्याची बायको हळूच म्हणाली. "रोजच्या धुण्यातलं आहे."

"मी कधी कोणाला औषध सोडा म्हटलं?" निर्मळताईंचा स्वर आता बदलला होता, नळाच्या टिपा सांगणाऱ्या बाईचा झाला होता. "ज्याची त्याची श्रद्धा. मी आपली घरगुती उपाय सांगणारी."

धाकटीने बरणी उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. गळ्यापर्यंत गोळ्यांची पाकिटं. "मग ही कशाला मिरवता? शिकारी भिंतीवर मुंडकी लावतात तशी?"

निर्मळताई दाराकडे वळल्या. दारात जमादार उभा होता.

"जायचं नाही, ताई," धाकटी म्हणाली. "अजून तुम्हाला कोणी काही केलेलं नाही आणि कोणी हात लावणारही नाही. खुर्चीत बसा. माझी अक्का बसली होती त्याच खुर्चीत. आणि या बायकांची औषधं तुमच्या हाताने परत द्या. एकेकीला. तिच्या तोंडाकडे बघून."

याच घटकेची तिने वर्षभर वाट पाहिली होती. ती गोड लागेल असं तिला वाटलं होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई उठली, पाय पिवळे, पातळ ओलं.

"थोरलीला मीच आणलं होतं इथं," आई म्हणाली. ती निर्मळताईंशी नाही, साऱ्या हॉलशी बोलत होती. "ती नको म्हणत होती. मी म्हटलं, चल, नळ कसे चकाकले बघ."

धाकटीला हे ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर आईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. बाण बरोबर लागले होते, एक निर्मळताईंना, दुसरा आईला, आणि तो दुसराही आपणच सोडला हे तिला आईचा चेहरा पाहून कळलं. ती खाली बसली. पिशवीतली साबणाची वडी घेऊन तिने आईचे पाय चोळायला सुरुवात केली. फेस लाल झाला. हॉलमधलं कोणी दचकलं नाही.

"तू मला आधी का नाही सांगितलंस, धाकटे?"

"आधी मलाही माहीत नव्हतं. आणि कळल्यावर," धाकटी थांबली, "कळल्यावर मला तुला नुसतं सांगायचं नव्हतं."

 आईने मुठीतलं गोळ्यांचं पाकीट धाकटीच्या हातात दिलं. "डॉक्टरांकडे ने मला. आजच."

धाकटी उभी राहिली तेव्हा आवाज पुन्हा मऊ होता. "तुमची पाकिटं घरी न्या, पण लगेच गिळू नका. डॉक्टरांना दाखवा, किती दिवस बंद होतं ते खरं सांगा. आरसा व्हिनेगरनेच पुसा, नळ लिंबानेच घासा, ते उपाय चांगलेच आहेत. पण नळ घासलेला डोळ्यांना दिसतो. काळजाचं तसं नाही, ते तपासावं लागतं. कोणी चमत्कार दाखवला की एवढंच विचारा, हेच लाटण्याला केलं तर काय होईल? देव रागावणार नाही. विचार करायची बुद्धी त्यानेच दिलीय."

बायका एकेक करून पुढे आल्या. निर्मळताई बरणीत हात घालत, पाकीट काढत, समोरच्या चेहऱ्याकडे बघत. कोणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. रांग सरत गेली, हॉल रिकामा झाला, खाली चक्की बंद झाली.

बरणीत तळाशी काही पाकिटं उरली होती, अक्काचंही त्यांत होतं. निर्मळताई हात आत घालून वाट पाहत राहिल्या. ती न्यायला कोणी आलं नाही.