बकरीचा तिसरा भाग

मॅलकी फीलीला पक्षाघाताचा झटका आल्याचं पॅट्सी मुल्वीनं फोनवर सांगितलं आणि मी घाबरले. ती भीती म्हाताऱ्याच्या काळजीची होती की त्याच्या जिगच्या, त्या नाचाच्या चालीच्या, तिसऱ्या भागाची, हे मला आजही सांगता येणार नाही.

"वाचा गेली आहे त्याची," पॅट्सी म्हणाला. "उजवा हातही लुळा पडलाय. डेलिया, तुला दिला होता ना गं त्यानं तिसरा भाग?"

"उद्या देणार होता," मी म्हटलं.

पॅट्सीनं फोन ठेवून दिला.

आमच्या लॉक ॲलन तळ्याच्या काठावर 'पुलावरची बकरी' न वाजवणारा माणूस सापडायचा नाही. नाचाची साधी चाल आहे. दोन भाग, प्रत्येक दोनदा वाजवायचा की परत पहिल्यापासून. पण मॅलकीजवळ तिचा तिसराही भाग होता. तो त्याला त्याच्या मामानं दिला होता, आणि मामा गेल्यापासून तो जगात दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. गुरुवारी गिलहूलींच्या पबात बकरी सुरू झाली की दोन भाग आम्ही सगळे मिळून वाजवायचो. मग आम्ही आपापली वाद्यं मांडीवर ठेवायचो आणि हा महाशय आपली बासरी घेऊन खुर्ची गर्रकन फिरवून भिंतीकडे तोंड करायचा. बोटं दिसू नयेत म्हणून! कुणी रेकॉर्ड करू नये म्हणून सगळ्यांचे फोन आधीच दाराजवळच्या कोळशाच्या बादलीत. नुसत्या कानानं धरावं म्हटलं, तर दर गुरुवारी मुद्दाम चार सूर इकडचे तिकडे करायचा. एवढा कंजूष माणूस मी पाहिला नाही.

"शवपेटीत घालून नेणार आहेस का रे ती बकरी?" पॅट्सी विचारायचा.

"तुझ्या व्हायोलिनपेक्षा तिथं सुखात राहील," हा म्हणायचा.

आणि गेल्या गुरुवारी कोट चढवता चढवता मला म्हणाला, "पोरी, पुढच्या खेपेला जरा लवकर ये. देऊन टाकतो तुला." मी शाळेची बस चालवते. आठवडाभर त्या बसमध्ये पोरांचा गोंगाट मला ऐकूच आला नाही. आणि बुधवारी हे.

मी बासरी घेऊन स्लायगोच्या इस्पितळात गेले. मॅलकीची मुलगी एथ्ना व्हरांड्यात उभी होती, डोळे सुजलेले. "आत जा," ती म्हणाली. "पण घाबरू नकोस हं. एकच शब्द येतो त्यांना. नाही. चहा हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही."

मी घाबरलेच. तोंडाची एक बाजू ओघळलेली, उजवा हात पांघरुणावर कुणी विसरून गेल्यासारखा पडलेला. पण खरी भीती वाटली ती त्याच्या डोळ्यांची. हा माणूस स्वतःच भ्यालेला होता. माझ्या हातातली बासरीची पेटी बघून तो धडपडत उठू लागला. "नाही! नाही, नाही!"

"वाजवू का? वाजवते. पडून राहा तुम्ही."

दोन भाग वाजवले. तिसरा सुरू केला तो भिंतीकडून ऐकलेल्या तुकड्यांवर, अंदाजानं. चौथ्या-पाचव्या सुराला माझी बोटं सरळ दुसऱ्याच एका जिगमध्ये घसरली. पाठ असलेली चाल नव्या चालीला अशी ओढून नेते. आम्हा वाजवणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच. मॅलकीनं उशीवर डोकं आपटलं.  माझी फुंकरसुद्धा धड निघेना.

"कसं हो करू आता?" मी रडकुंडीला आले. "इतकी वर्षं भिंतीला ऐकवलंत! भिंत वाजवणार आहे का?"

बोलले आणि जीभ चावली. पण त्यानं डावा हात पुढे केला आणि बासरी पकडली. ओढून घेतली नाही, नुसती वरच्या तीन भोकांवर तीन बोटं ठेवली. बासरीची वरची तीन भोकं डाव्या हाताची, खालची तीन उजव्याची. त्याचा डावा हात शाबूत होता.

मी पलंगाच्या कडेवर त्याच्या खांद्याला पाठ टेकून बसले. त्याचा हात माझ्या कडेनं पुढे आला. फुंकर माझी, वरची बोटं त्याची, खालची माझी. तो बोट उचले तेव्हा सूर आपोआप मिळे. पण त्याची तिन्ही बोटं खाली बसली की पुढचा सूर माझ्या उजव्या हातावर. मी एकेक बोट टेकवून बघायची. चुकलं की "नाही" म्हणून तो तिन्ही बोटं तशीच दाबून धरायचा. जमलं तरी "नाही"च, पण बोटं उचलून पुढे जायचा. त्याचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं आणि मला सारखं वाटत होतं की ते मधेच थांबेल. थांबलं तर अर्धाच भाग हाती येईल, हा विचारही मनात आला. लाज वाटली, पण आला.

शेवटच्या सुरापर्यंत पोचलो. त्याची तिन्ही बोटं खाली बसली. मी एक सूर लावला. बोटं उचलली गेली, पण परत सुरुवातीच्या सुरावर आलीच नाहीत. हात माझ्या मांडीवर पडला. मला मागे वळायचं धैर्य होईना. अखेर घोरणं ऐकू आलं तेव्हा मी मोठ्यानं रडले. बोटं उचलली ती सूर बरोबर होता म्हणून की झोप लागली म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो गुंगीतच होता, तिसऱ्या दिवशी ताप. मग डॉक्टर म्हणाले, पुन्हा बासरी आणू नका.

तो घरी आल्यानंतरच्या गुरुवारी एथ्नानं चाकाच्या खुर्चीतून त्याला गिलहूलींकडे आणला. शेकोटीजवळ, माझ्या शेजारीच बसवला. पॅट्सीनं माझ्याकडे बघितलं आणि सरळ बकरी धरली. मेल्यानं विचारलंसुद्धा नाही. दोन भाग झाले. सवयीनं सगळ्यांनी वाद्यं मांडीवर ठेवली.

 माझ्याजवळचा शेवट चुकीचा असेल, तर तीच चूक इथून पुढे खरी ठरणार. दुरुस्त करणारं कोण आहे? मॅलकीचं तोंड बघायची हिंमत होईना म्हणून मी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि जीव मुठीत धरून तिसरा भाग सुरू केला.

पहिल्याच वळणावर मागून माझ्या खुर्चीला हिसका बसला. "नाही!"

माझी फुंकर तुटली. चुकलं, मला वाटलं. सगळंच चुकलं. दुसरा हिसका बसला, आणखी जोराचा. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. मॅलकी डाव्या हातानं खुर्चीची पाठ धरून ओढत होता, घामाघूम झाला होता. पॅट्सी मदतीला उठला तर त्याच्यावरही खेकसला. खुर्ची पुरती फिरली आणि सगळे माझ्यासमोर आले, पॅट्सी, कॉन्सर्टिनाची छोटी पेटी वाजवणारी बाई, सगळे. माझी बोटं सगळ्यांना दिसत होती.

तेव्हा त्यानं खुर्ची सोडली.

मी पहिल्यापासून, सावकाश वाजवलं. पॅट्सी पुढे वाकून माझ्या हातांकडे टक लावून बघत होता. शेवटचा तो सूर लावताना मी डोळे मिटून घेतले.

"शेवट असाच आहे का, मॅलकी?" पॅट्सीनं हळूच विचारलं.

"नाही," मॅलकी म्हणाला, आणि खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळीवर डाव्या पायानं ठेका धरून, आता दुसऱ्यांदा वाजव म्हणून मला मानेनं खुणावलं.