शंभर वॉटच्या बल्बची तक्रार

मी एक जुना शंभर वॉटचा बल्ब आहे, मित्रांनो, आणि सध्या फार चिडलेला आहे.

कारखान्यात माझ्या पोटात बारीक तार बसवली, काच चढवली आणि मी सोलापुरात कासीमभाईंच्या घरी आलो. पुढच्या खोलीत ते जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देतात. तारेला वार्निश पाजलं की मला पेटवून मोटरीच्या आत ठेवायचे, वरून पोतं टाकायचे. माझ्या उष्णतेनं वार्निश आतपर्यंत वाळायचं, मग तारा एकमेकींना भिडून जळत नसत. "ह्यानं वाळवलेली मोटर परत येत न्हाय," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे, तेव्हा किती बरं वाटायचं!

यंदा त्यांच्या लेकीनं, जोयानं, घरभर एलईडी लावले. त्यात तिचं काही चुकलं नाही. माझ्या एकट्याच्या विजेत तसले आठ दिवे जळतात, टिकतातही जास्त. मी बहुतेक वीज उष्णतेतच घालवतो, कबूल. पण तिनं मोटरी वाळवायच्या वायरवरूनही मला काढलं आणि तिथंही एलईडी लावला! नव्या खोक्यावर छापलं होतं, 'शंभर वॉटइतका'. ते फक्त उजेडाविषयी होतं हो! कासीमभाईंना वाटलं, ऊबही तितकीच. मी उघड्या खणात पडून ओरडत होतो, पण बल्बचं कोण ऐकतं?

वळसंगच्या मल्लप्पांची मिरची कांडपाची मोटर वरून वाळली, आत ओलीच राहिली. आठ दिवसांत जळाली. पुन्हा भरली, पुन्हा जळाली.

"कासीमभाई, हात थरथरायलाय का तुमचा आता?" मल्लप्पांनी विचारलं. "तसं असंल तर सांगा की."

मल्लप्पा गेल्यावर कासीमभाईंनी दोन्ही हात खिडकीपाशी धरून पाहिले. "बेटा, ही शेवटची भरतो. मग काम बंद," ते जोयाला म्हणाले. खरं कारण मला ठाऊक होतं आणि माझा एक शब्दही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. मी नुसता चडफडत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाळत ठेवलेल्या मोटरीवरचं पोतं सारखं करताना जोयाचा हात आत गेला. बोटांना ओलं वार्निश चिकटलं.

"अब्बा, आत तर गारच आहे की!"

तिनं आतल्या एलईडीला हात लावून पाहिला, तो जेमतेम कोमट होता. मग तिनं खणातून मला काढलं, पुसलं, वायरला लावलं. "चूक माझी होती, अब्बा. तुमच्या हातांची नव्हती."

ती मोटर आता चांगली चालते. माझा राग मात्र उतरत नाही. मित्रांनो, उजेडाला एलईडीच लावा, मला खुशाल उतरवा. फक्त उतरवण्याआधी एकदा विचारा, हा आणखी काय काय करत होता? कासीमभाई अजूनही तार भरता भरता मध्येच थांबतात आणि आपल्या हातांकडे बघत बसतात.